भागोजीचा मृदंग आणि माझा सिद्धांत

पोलादपूर,
आश्विन शुद्ध सप्तमी, शके १८५५

तीर्थस्वरूप नानांच्या पायांशी धाकट्या चुलतभावाचा नमस्कार. तो साष्टांग आहे असे कागदापुरते समजावे. प्रत्यक्षात माझी कंबर सध्या वाकली की तशीच राहते. त्याचे कारण पुढे ओघात येईल. वहिनींचा दमा परळच्या धुरात कसा आहे? कुडपणचा मध बाटलीत भरून ठेवला आहे, येणाऱ्या माणसाबरोबर धाडतो. (बाटली औषधाची आहे, पण चांगली धुतली आहे. तीनदा धुतली असे लिहिणार होतो. तिसऱ्यांदा नुसती विसळली.) इकडे सौभाग्यवती खुशाल आहेत आणि माझ्याविषयी त्यांचे जे मत होते तेच आहे.

तुम्ही मागच्या पत्रात विचारलेत की संशोधन कुठवर आले. महाडच्या शाळेतून वर्षाची बिनपगारी रजा घेऊन, बाजारपेठेचा गोंगाट नको म्हणून मी पोलादपुरास येऊन राहिलो, तेव्हा ही चौकशी करण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे. उत्तर थोडक्यात देता येईल, पण ते खरे वाटणार नाही. म्हणून विस्ताराने लिहितो.

माझा विषय तुम्हांला एकदा सांगितला होता, तेव्हा तुम्हांला झोप लागली. पुन्हा सांगतो. समजा, नऊ माणसे गोल करून उभी आहेत आणि त्यांनी आपसांत जागा बदलल्या. एका बदलीपाठोपाठ दुसरी बदली केली तरी ती मिळून एक बदलीच होते, आणि कोणतीही बदली उलट करून पूर्वीच्या जागी येता येते. अशा बदल्यांचे जे आपल्यातच पुरे असलेले कुटुंब, त्याला इंग्रज ग्रूप म्हणतो. मी गट म्हणतो. (याहून चांगला शब्द सुचला तर कळवा.) हे गट म्हणजे नुसती कल्पना, त्यांना हातपाय नाहीत. मग गणिती काय करतो, प्रत्येक बदलीला आकड्यांचे एकेक कोष्टक देतो, म्हणजे गटाला शरीर येते आणि त्याच्याशी हिशेब करता येतो. याला मी गटाचे रूप म्हणतो. चांगल्या रूपात दोन निराळ्या बदल्या निराळ्याच दिसतात. ढिल्या रूपात दोघींच्या अंगावर एकच लुगडे चढते आणि मग कोण कोणती ते ओळखता येत नाही. कोणत्या गटाला लहानात लहान किती कोष्टकात रूप देता येते, हे मी शोधतो आहे. याचा उपयोग काय, हे सौभाग्यवतींनीही विचारले होते.

तर श्रावणात मी ओटीवर चिंचोके गोल मांडून त्यांच्या जागा बदलत बसलो होतो. तेवढ्यात कापड्याचा भागोजी तांदूळ घेऊन आला. भागोजी हा आमच्याकडे तांदूळ घालणारा शेतकरी, पण ती त्याची खरी ओळख नव्हे. कापडे गावचा जाखडी नाच त्याचा. गणपतीत गडी पायांत घुंगरू बांधून गोल फेर धरून नाचतात, मध्ये मृदंग वाजतो, तो वाजवणारा भागोजी. मृदंग त्याच्या बापाच्या हातचा, फणसाच्या लाकडाचा. त्याला तो घरात खुंटीला टांगत नाही, माणसासारखा घोंगडीवर निजवतो. त्याने पोते उतरवले, चिंचोक्यांकडे बराच वेळ पाहिले आणि माझ्याकडे अशा आदराने पाहिले की इतका आदर मला विद्यापीठानेही कधी दाखवला नव्हता.

"मास्तर, नवी चाल बांधताय व्हय?"

मी खरे ते सांगायला हवे होते. सांगितलेही, पण अर्धवट. मी म्हणालो, एक प्रकारे तसेच. हे 'एक प्रकारे' मला त्या रात्रीच्या रोजनिशीत खोडून पुन्हा लिहावे लागले, कारण ते खोटे होते की खरे हे मला ठरवता येईना. भागोजीने मात्र ते लगेच खरे ठरवले. गौरीच्या सणात देवळाच्या मंडपात कुडपणच्या कुशाबाच्या मेळ्याशी त्याचा सामना होता. अशा सामन्यात एक बाजू सवाल घालते आणि दुसरीने तो नाचून-गाऊन सोडवायचा असतो. गेली काही वर्षे कुशाबा त्याला पुराणातले सवाल घालून जेरीस आणत होता. डोंगरावरच्या माणसांना ढोरांमागे बसून पुराणे पाठ करायला सवड फार, असे भागोजीचे म्हणणे. "मला असा सवाल द्या," तो म्हणाला, "की कुशाबाची बोबडी वळली पायजे. पुरानातला नको, तुमच्या चिंचोक्यातला."

नाना, तुम्ही असता तर काय केले असते? तुम्ही तांदूळ मोजून घेतले असते. मी त्याला सवाल दिला. सवाल असा: नऊ गडी गोल उभे. चाल एकच, शेजारच्या तिघांनी आपसांत फिरून जागा बदलायच्या, पहिला दुसऱ्याच्या जागी, दुसरा तिसऱ्याच्या, तिसरा पहिल्याच्या. हे कुठल्याही तिघांनी कितीही वेळा करावे, अख्खा फेर फिरवावा. पण शेवटी असे दिसले पाहिजे की मृदंगासमोरच्या दोघांचीच अदलाबदल झाली आहे आणि उरलेले सात जण जिथल्या तिथे. हे होत नाही. कितीही नाचा, होत नाही. कारण प्रत्येक मांडणीला धन किंवा ऋण असे एकेक चिन्ह देता येते (गटाचे हेच सगळ्यांत लहान रूप, एका आकड्याचे). तिघांच्या फिरण्याने ते चिन्ह पालटत नाही, नऊ जणांचा अख्खा फेर फिरवूनही पालटत नाही, पण दोघांच्याच अदलाबदलीने पालटते. म्हणजे इथून तिथे वाटच नाही. (गडी नऊच का, असे तुम्ही विचाराल. आठ असते तर नुसता फेर एक घर पुढे सरकवला तरी चिन्ह पालटते आणि सगळा डाव फसतो. ही काळजी मी घेतली होती. हे मुद्दाम लिहितो, कारण दुसरी एक घेतली नव्हती.) भागोजीच्या गड्यांना चाल शिकवताना एक गडी कमी पडला, तिथे मी उभा राहिलो. कंबर त्या दिवशीची.

सामन्याच्या दिवशी दुपारची जेवणे आटोपून सारा गाव देवळात. पंच म्हणून देवळाचे मानकरी गोमाजी. भागोजीने सवाल घातला, कुशाबाने मिशीवरून हात फिरवला आणि विचारले, "ह्याला जबाब तरी हाय का? का उगीच नाचिवतोस रे?" तेव्हा भागोजीने माझ्याकडे पाहिले. मी सभामंडपात उभा राहून, पुणेरी आवाजात, सर्वांसमक्ष म्हणालो, हे अशक्य आहे. त्या एका शब्दाने घात केला. भागोजी तो शब्द ऐकून असा चढला की त्याने मृदंग डोक्यावर धरला. "ऐकलंस? मास्तर म्हन्तो आशक्य! कुशाबा, करून दावलंस तर ह्यो बापाचा मिरदुंग तुजा!" मी त्याच्या धोतराचा सोगा ओढला. पण ओढून सांगणार काय? मला माझ्या सिद्धांताची पूर्ण खात्री होती, मग अडवायचे कशासाठी? आणि खात्री होती तर सोगा का ओढला? 

कुशाबाच्या गड्यांनी फेर धरला. ते नाचले, घामाघूम झाले, चुकले, पुन्हा नाचले. भागोजीची माणसे हसत होती आणि मी हसऱ्या चेहऱ्याने धन-ऋण मोजत होतो. आणि मग कुशाबाने झांज एकदम थांबवली. समोरचे दोघे अदलाबदल होऊन उभे होते. उरलेले सात जण आपापल्या जागी. गोमाजी उठले, एकेका जागेपुढे जाऊन तिथल्या गड्याचे नाव पुकारू लागले. तिथला गडी म्हणे, "हाय." पुढचा म्हणे, "हाय." "चांगू?" "हाजीर!" "भिकू?" "हाय." सातही जण बरोबर. मी पुन्हा उठलो आणि म्हणालो, हे अशक्य आहे.

गोमाजींनी माझ्याकडे दयेने पाहिले. "मास्तर, समोर हुबी हायत ना ती?"

मंडपात इतका हशा पिकला की देवळातली पाल चुकचुकली. भागोजी हसला नाही. त्याने मृदंग घोंगडीतून काढला, कपाळाला लावला आणि कुशाबाच्या हातात ठेवला. मग माझ्याजवळून जाताना एवढेच म्हणाला, "तुमी म्हनलाव म्हनून." रागाने म्हणाला असता तर मी रात्री जेवलो असतो.

पुढचे काही दिवस मी सिद्धांत पुन्हा पुन्हा सिद्ध केला. तो प्रत्येक वेळी सिद्ध झाला. देवळात मात्र तो खोटा ठरला होता, आणि मी तर ते डोळ्यांनी पाहिले होते. मला वाटू लागले की माझी आजवरची सारी कोष्टके पायाशीच कच्ची आहेत आणि महाडच्या मुलांना मी शिकवलेला त्रैराशिकाचा हिशेबही एकदा तपासावा. भागोजी आता तांदूळ स्वतः आणेना, भाच्याबरोबर धाडी. कापड्यात म्हणे गौरी-गणपतीनंतरची भजने बिनमृदंगाची झाली. एके दिवशी जेवताना मी हे सगळे सौभाग्यवतींना ऐकवत होतो (माझे दुःख नेहमी आमटीच्या वेळी येते) तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या कुडपणवाल्यांत एक फार हावरा होता हो. सामना झाल्यावर गुळाचा चहा वाटला ना, तर त्याने दोनदा घेतला. दुसऱ्यांदा म्हणतो कसा, मघाशी मी नव्हतो बाई, त्यो माझा भाव."

मी पाटावरून उठलो. उजवा हात आमटीत, डावा कमरेवर. आता आठवले, गोमाजींनी पुकारलेले चांगू आणि भिकू जुळे होते! दोघांच्या चेहऱ्यात रेघेचाही फरक नाही. समोरच्या दोघांची अदलाबदल झाली तेव्हा मागे या जुळ्यांचीही झालेली असणार. दोन अदलाबदली मिळून चिन्ह जागच्या जागी येते, सिद्धांत शाबूत राहतो, आणि पाहणाऱ्याला मात्र एकच अदलाबदल दिसते. मंडप हे ढिले रूप होते, नाना! निराळे दोघे तिथे एकच दिसत होते. आणि हीच चूक माझ्या निबंधाच्या चौथ्या पानावर होती, तिथे मी कोणतेही रूप चांगलेच असेल असे गृहीत धरून बसलो होतो. आनंद झाला आणि लाज वाटली. कोणते आधी, हे रोजनिशीत मोकळे ठेवले आहे.

म्हणजे भागोजी हरला नव्हता. पण हे ठरवायचे कसे? चांगूच्या जागी भिकू होता हे सांगणार कोण? जुळ्यांनाच विचारावे तर एक मुंबईस गेला होता आणि उरलेल्यास मी तू कोण असे विचारले, तर तो हसून म्हणाला, "तुमाला कोन पायजे?" सांगू शकेल असे जगात एकच माणूस होते, त्यांची आई अंबूबाई, आणि ती त्या दिवशी मंडपात पुढच्या रांगेत बसलेली होती. मी काठी घेऊन कुडपण चढलो. (पुन्हा कंबर.)

अंबूबाई म्हैस धूत होती. मी नऊ गडी, तिघांची चाल, धन आणि ऋण असे सगळे समजावले. तिने ते म्हशीच्या बाजूने ऐकून घेतले आणि म्हणाली, "भिक्या चांग्याच्या जागंवर हुता. मी तवाच बगितलं."

"पण गोमाजींनी चांगू म्हणून पुकारले तेव्हा त्याने 'हाजीर' म्हटले ना?"

"म्हननारच. त्याला सवय हाय."

"कसली सवय?"

तिने म्हशीला बाजूला सारले, जवळ आली आणि आधी माझ्याकडून वचन घेतले की हे भागोजीस सांगायचे नाही आणि त्याच्या साडूसही नाही. भागोजीचा साडू मुंबईच्या एका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, आहे. त्याच गिरणीत चांगू कामाला आहे. आणि चांगू म्हणजे दोघेही. सहा महिने एक जातो, सहा महिने दुसरा. एकाने नांगर धरला की दुसरा गिरणीत साच्यावर. पटावर नाव एकच, म्हणून हजेरीच्या वेळी भिकूही वर्षानुवर्षे 'चांगू' या नावाला 'हाजीर' म्हणत आला आहे, आणि मंडपातही त्याच्या तोंडून तेच निघाले; मग भिकूचे नाव आले तेव्हा भावाला सावरायला चांगूने 'हाय' म्हटले. लबाडी भिकूच्या मनात नव्हती. "दोगंबी तिकडं ऱ्हायली तर हितं भात कोन लावील? नि दोगंबी हितं ऱ्हायली तर मीठ कुटनं यील? मास्तर, तुमी सांगितलंत की भिक्या वळखू येतो, तर जॉबर म्हनंल, मग मला बी वळखून दावा."

मी विचारले, तुम्ही त्यांना ओळखता कशावरून? ती इतकी हसली की म्हशीने मान वळवली. "दोगं रडत असताना ह्याला पाजू का त्याला, हे मला वळखावं लागायचं की नाय? आता तर ती बोलत्यात."

तेव्हापासून मी असा बसलो आहे. माझा सिद्धांत खरा आहे, याचा साक्षीदार आहे, आणि तो सांगावा तर दोन पोरांच्या पोटावर पाय येतो. न सांगावा तर माझ्या एका शब्दावर विश्वासलेल्या माणसाचा बापाच्या हातचा मृदंग कुशाबाच्या माळ्यावर धूळ खातो. शिवाय सवालात मी 'गडी ओळखू येणारे असावेत' अशी अट घातलीच नव्हती, मग कुशाबा जिंकला नाही असे तरी कोणत्या तोंडाने म्हणू? तुम्ही मला लहानपणापासून सांगत आलात की मी एक बाजू घ्यावी. मी दोन्ही घेतल्या आहेत आणि दोन्ही जड आहेत.

बाकी सर्व ठीक. मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार सांगावा. संशोधनाची चौकशी केल्याबद्दल आभारी असलेला आणि ती पुन्हा न झाल्यास अधिक आभारी होणारा,

तुमचा
चिंतामण

ता. क. गिरणीचे नाव वर लिहिले नाही, ते विसरलो म्हणून नव्हे. ज्या गिरणीच्या कचेरीत तुम्ही हेडक्लार्कच्या खुर्चीवर बसता, तीच ती. चांगू हे नाव तुमच्याच पटावर आहे. आता माझी विनंती. भिकू या नावाने दुसरी एक जागा देता आली तर पाहावे. मग दोघे ज्याच्या त्याच्या नावाने 'हाजीर' म्हणतील, अंबूबाईस बोलायला मोकळीक होईल आणि मला गोमाजींपुढे उभे राहता येईल. तुम्हांस कळवून मी अंबूबाईस दिलेले वचन मोडले का, याचा विचार केला. वचन भागोजी आणि त्याचा साडू यांच्यापुरते होते, आणि तुम्ही या दोघांपैकी कोणी नाही. हे उत्तर मला पटले आहे, आवडलेले नाही.

आणखी ता. क. पत्र टाकायचे राहिले ते बरे झाले. काल अंबूबाई बाजाराला खाली उतरली तेव्हा मी मोठ्या उत्साहाने वरची विनंती तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "नगं गो बाई! दोन जागा म्हंजी दोगंबी गेली. मला एकच जागा पायजे, दोगांत एक." (हे 'गो बाई' सौभाग्यवतींना उद्देशून होते. माझ्याशी बोलणे तिने सोडून दिले होते.) तेव्हा माझी विनंती रद्द. भिकूला जागा देऊ नये. दिवाळीनंतर चांगू अंमळ काळवंडलेला दिसला, तर तो गावाकडच्या उन्हाचा परिणाम समजून पटावर खूण करावी आणि चष्मा पुसू नये. तुम्हांस हे सांगणे तुमच्या नोकरीच्या इमानाशी खेळणे आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून सांगत नाही, नुसते लिहितो आहे.

मृदंगाचे मात्र अंबूबाईने आपल्या पद्धतीने केले होते. तिने कुशाबास कारण न सांगता कळवले की मृदंग परत जाईपर्यंत माझी पोरे तुझ्या फेरात पाय ठेवणार नाहीत. जुळे गेले तर त्याचा मेळा लुळा. पण भागोजीच्या दारी मृदंग नेऊन देणे म्हणजे हार कबूल करणे. म्हणून आज सकाळी कुशाबाने तो माझ्या ओटीवर पोचवला, निरोप असा की मास्तरांना संशोधनासाठी हवा होता म्हणून दिला. घेऊन आलेला चांगू होता की भिकू, मी विचारले नाही. भागोजीस निरोप धाडला. उत्तर आले की दान घ्यायला तो भिकारी नाही. आता मृदंग माझ्या कोष्टकांवर बसला आहे.

अगदी शेवटचे ता. क. भागोजी घेईना, मग मी दुसरा उपाय केला. गाडीरस्त्याने तो बाजारातून परतताना दिसला, तसा मी ओटीवर बसून मृदंग बडवू लागलो. डाव्या तोंडाला कणीक लावायची असते, ती लावली नव्हती. वाद्या ओढायच्या असतात, त्या ओढल्या नव्हत्या. मला येत नाही हे खरेच होते, त्यामुळे यात ढोंग किती हा प्रश्न मनात आला, पण वाजवणे थांबवले नाही. भागोजी पुढे गेला. थांबला. परत फिरला. फाटकाशी उभा राहून त्याने कानांवर हात ठेवले, मग ते काढून ओरडला, "मास्तर, आवो मारताय काय त्याला! द्या हिकडं!" ओटीवर बसून त्याने सौभाग्यवतींकडून कणीक मागून घेतली, थापली, वाद्यांखालचे लाकडी गट्टे दगडाने ठोकून सूर लावला, दोन बोटांनी एकदा वाजवून पाहिले, आणि तो पुन्हा वाजवायला मला देणे त्याच्या जिवावर आले. मृदंग खांद्याला अडकवून तो उठला. कुणी दिला, कुणी घेतला, याविषयी तोही बोलला नाही आणि मीही नाही.

फाटकातून बाहेर पडताना मात्र वळून म्हणाला, "पुढल्या साली नुसतं बघाया या, मास्तर. सवाल नगं."